कालवा निरीक्षकांची समुद्रपाहणी

मच्छिंद्र तुपे यांच्या आयुष्यात समुद्र आला तो रजेच्या अर्जातून. सन त्र्याहत्तरच्या मार्चमधली गोष्ट. बेलापूर भागात ते कालवा निरीक्षक होते. लोक त्यांना पाटसाहेब म्हणत, कारण ज्यातून शेताला पाणी येतं त्याला नगरकडे पाट म्हणतात. मच्छिंद्ररावांना ते आवडत नसे. पाट जेवायला बसायचाही असतो. नेमणुकीच्या कागदावर ‘कालवा निरीक्षक’ असं स्वच्छ लिहिलेलं होतं आणि ते स्वतःला तसंच म्हणवून घेत. (पुढे जे झालं ते ह्या एका हट्टापायी झालं, पण ते त्यांना कळायला गुडघाभर पाणी लागलं.)

पाणी होतं तेव्हा ते सायकलवर निघाले की दोन्ही बाजूंच्या उसातून रामराम येत. ह्या वर्षी गणपतीपासून पाट कोरडा होता. तळाला गुरं बसत आणि पुलाखाली सावलीला माणसं. तरी मच्छिंद्रराव रोज सकाळी इस्त्रीची पँट घालून पाटाच्या कडेने चार मैल जाऊन येत आणि डायरीत लिहीत, ‘पाणी नाही.’ पुढे पुढे ते ‘कालच्याप्रमाणेच’ असं लिहू लागले. पुलाखालची माणसं त्यांना पाहून मान फिरवत. राग नव्हता त्यात. ज्याच्याकडे काही नाही त्याला उगीच कशाला बोलायला लावायचं, एवढंच.

शेवटी वरच्या साहेबांनीच सुचवलं, “तुपे, तुमची रजा साचली आहे. थोडी घ्या. तुम्हाला बघून लोकांना पाण्याची आठवण होते.”

घरी येऊन त्यांनी हे बायकोला सांगितलं. रतनबाई नुकत्याच विहिरीवरून हंडा घेऊन आल्या होत्या. रांगेत अडीच तास गेले होते. हंडा उतरवून त्या म्हणाल्या, “मग मेहताबकडं जाऊ या.”

मेहताब ही देवळाली प्रवऱ्याच्या नबीलाल शिंप्याची मुलगी. रतनबाईंचं माहेर त्याच आळीतलं, भिंतीला भिंत लागून. दोघी एका पोळपाटावर भातुकली खेळल्या. मग नगरला एसटीवर ड्रायव्हर असलेल्या बाबाजान नावाच्या माणसाशी मेहताबचं लग्न झालं, आणि बदली मागून तो तिला आपल्या गावी घेऊन गेला. गाव म्हणजे कोकणातलं आडबंदर. दिवसातून एक गाडी जायची, तीच परत यायची. एकोणीस वर्षं मेहताब पत्रातून एकच गोष्ट लिहीत होती: ये. यंदाच्या पत्रात तिने आणखी एक ओळ घातली होती. ‘तिकडं पाणी न्हाई असं ऐकलं. इथं लई हाय.’

“समुद्राचं पाणी पाणी नसतं,” मच्छिंद्रराव म्हणाले. “ते शेतीला चालत नाही.”

“मला शेती करायची न्हाई. बघायचं हाय.”

त्यांनी अर्ज लिहिला. कारणाच्या जागी ‘पाण्याची पाहणी’ असं लिहून खोडलं आणि ‘घरगुती’ असं लिहिलं.

आडबंदरला ते उतरले तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. स्टँड म्हणजे एक वडाचं झाड. त्याखाली पाचसहा बाया टोपल्या घेऊन बसल्या होत्या. त्यांच्यातली पुढची, साठीच्या घरातली, काळीसावळी आणि काटक, म्हणाली, “कोन वो पावणे? कुटचे?”

तिचं नाव भीमाबाई. तिने सहज विचारलं होतं. मच्छिंद्ररावांना मात्र सहा महिन्यांत कोणी काही विचारलं नव्हतं. त्यांनी कॉलर नीट केली.

“मी सरकारी कालवा निरीक्षक आहे,” ते म्हणाले. “आठ दिवस मुक्काम आहे. सगळे किनारे पाहून जाणार.”

आता ह्यात खोटं काही नव्हतं. पण आडबंदरला कालवा नाही. तिथे कालवं असतात. समुद्राच्या खडकांना घट्ट चिकटलेली ही शिंपलं बाया ओहोटीला कोयतीने फोडून काढतात, आतला गर विकतात, उरला तर रांधतात. त्या वडाखालच्या प्रत्येक बाईच्या टोपलीत कालवंच होती. सरकारने कालवांवर निरीक्षक नेमला, तो आला, आणि तो सगळे किनारे पाहणार, ही बातमी दिवेलागणीच्या आत खालच्या वाडीपर्यंत गेली.

मेहताबच्या घरी दोघी मैत्रिणी एकमेकींचे हात धरून बसल्या. बाबाजान मोठ्या अंगाचा, कमी बोलणारा माणूस. मच्छिंद्ररावांनी त्याला विचारलं, “इथे पाहण्यासारखे किनारे किती?”

“तीन पुळणी आहेत. पण पाहायला काय आहे तिथं? पाणी आहे.”

“पाणी आहे हेच पाहायचंय,” मच्छिंद्रराव म्हणाले. ते इतक्या गंभीरपणे म्हणाले की बाबाजानने पुढे काही विचारलं नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी दक्षिणेची पुळण घेतली, दुसऱ्या दिवशी उत्तरेची. दोन्हीकडे चिटपाखरू नव्हतं. पांढरी वाळू लांबच लांब पसरलेली, खेकड्याच्या पिलांनी तिच्यावर गोळ्यागोळ्यांची रांगोळी घातलेली, आणि पुढे ते पाणी. मच्छिंद्रराव हातात काठी घेऊन खडकांपाशी जात, टोकाने ठोकून बघत आणि डायरीत लिहीत. काय लिहीत? खडकाचा रंग, लाटांची उंची, अंदाजे लांबी. सवय होती म्हणून लिहीत. केवड्याच्या बनाआड कोयत्या पदराखाली लपवून बसलेल्या बायांना मात्र दुसरंच दिसत होतं. साहेब कालवं मोजून घेतो आहे.

“किती निवांत जागा आहे,” मच्छिंद्रराव म्हणाले. “माणूस नाही काणूस नाही.”

रतनबाई ओल्या वाळूवर बसून होत्या. पाणी यायचं, नऊवारीच्या काठाला लागायचं आणि जायचं. त्यांनी ओंजळ भरून तोंडाला लावली आणि थुंकली.

“एवढं पाणी,” त्या म्हणाल्या, “आन् घोट घेता येत न्हाई.” मग बऱ्याच वेळाने, “ह्यातलं थोडं तिकडं नेता येत न्हाई का वो?”

मच्छिंद्ररावांनी समजावलं. खारटपणा, मध्ये सह्याद्रीची उंची, उपसा, पंपाची ताकद. पाव तास समजावलं.

“मला ठावं हाय,” रतनबाई म्हणाल्या. “विचारलं आपलं.”

त्यांचे डोळे भरले होते. मच्छिंद्ररावांनी ते पाहिलं, आणि लाटा मोजायला घेतल्या.

त्या संध्याकाळी मेहताब म्हणाली, “रतन, तुला कालवं खाऊ घालायची हुती. पण भीमाबाई दोन दिवस दारावर आली न्हाई. कुनीच येईना. इचारलं तर दार लावून घेत्यात. काय झालं हाय कळंना.”

“काय असतं ते?” रतनबाईंनी विचारलं.

“शिंपल्यातलं. खाल्लंस की कळंल.”

मच्छिंद्रराव तेव्हा ओट्यावर बाबाजानशी बोलत होते, त्यामुळे हा शब्द त्यांच्या कानावर पडायचा राहिला. तिसरी पुळण डोंगराच्या नाकाडापलीकडे होती आणि बाबाजान त्यांना तिथली वाट सांगत होता. “पुळणीसमोर पाण्यात एक खडक आहे. ओहोटीला वाळूवरून चालत जाता येतं. पण दोनच्या आत अलीकडे या. पाणी चढतं.”

“सकाळी सातला भरती होती,” मच्छिंद्रराव म्हणाले. “मी पाहिली.”

“संध्याकाळी पुन्हा येते.”

मच्छिंद्ररावांनी मान डोलावली. मनात मात्र ते म्हणाले, ड्रायव्हर माणूस. पाण्यात वीस वर्षं त्यांची स्वतःची गेली होती. एका दिवसात दोन पाळ्या? कोणत्याही भागाला दिवसातून दोनदा पाणी दिल्याचं त्यांच्या ऐकिवात नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दहाला दोघं पोचली. मच्छिंद्ररावांनी पाण्याच्या कडेला काठी रोवली, तिच्यावर चाकूने खुणा केल्या आणि दर अर्ध्या तासाने वाचन घेतलं. पाणी उतरत होतं. बारा वाजता खडकापर्यंत वाळूची वाट उघडी पडली. मध्ये घोटाभर पाण्याचा एक पट्टा होता, म्हणून मच्छिंद्ररावांनी पँट काढून नीट घडी केली. तिच्यावर डायरी ठेवली, बाजूला दोघांच्या चपला. जागा निवडताना पाण्यापासून साठ पावलं मोजली. मग पट्ट्यापट्ट्यांच्या नाड्याच्या चड्डीवर, वर इस्त्रीचा सदरा, अशा थाटात ते बायकोला खडकावर घेऊन गेले.

खडक धारदार होता. त्यावर सगळीकडे पांढुरक्या कवच्या खवल्यांसारख्या बसलेल्या होत्या आणि त्यांनी रतनबाईंचे तळवे दोन ठिकाणी कापले. माथ्यावर मात्र थोडी सपाट जागा होती. तिथे त्यांनी भाकरी आणि ठेचा खाल्ला. एक वाजता मच्छिंद्ररावांनी दूरवरच्या काठीकडे पाहिलं.

“पाणी थांबलं,” त्यांनी जाहीर केलं. “आता उद्यापर्यंत बघायला नको.”

“बाबाजानभाऊ दोनच्या आत या म्हनले हुते.”

“रतन, पाण्याचं मला सांगू नकोस.”

हे वाक्य रतनबाईंनी बावीस वर्षं ऐकलं होतं. त्यांनी पदर डोक्यावरून ओढून घेतला आणि मान टेकली. वाऱ्याने दोघांनाही झोप लागली.

जाग आली ती पायाला पाणी लागल्यामुळे. साडेतीन वाजले होते. मच्छिंद्ररावांनी आधी काठीकडे पाहिलं. काठी नव्हती. मग वाळूच्या वाटेकडे पाहिलं. वाट नव्हती. खडक आणि पुळण यांच्यामध्ये हिरवंगार पाणी हलत होतं आणि त्या पाण्यावरून त्यांची पँट, एक पाय पुढे टाकून, डुलत डुलत आत समुद्राकडे चालली होती.

दोघांनाही पोहता येत नव्हतं. पाटाच्या पाण्यात उभं राहता येतं, त्यामुळे कधी गरज पडली नव्हती.

मच्छिंद्ररावांनी हाका मारल्या. पुळणीवर कोणीच दिसत नव्हतं. एरवी ओहोटीला ह्या खडकावर दहापंधरा बाया असत आणि पाणी फिरलं की एकीने दुसरीला हाक मारून सगळ्या परतत. त्या आज घरी बसल्या होत्या. का बसल्या होत्या हे वर आलंच आहे.

पाणी घोट्यावर आलं, मग पोटरीवर. दोघं माथ्यावर एकमेकांना धरून उभी राहिली.  

“रतन,” ते म्हणाले, “मला हे माहीत नव्हतं.”

बावीस वर्षांत हे वाक्य मात्र रतनबाईंनी पहिल्यांदा ऐकलं. त्यांनी नवऱ्याचा हात अधिक घट्ट धरला.

तेवढ्यात नाकाडाला वळसा घालून एक होडी आली. वल्ह्यावर भीमाबाई आणि तिच्यामागे दोघी. केवड्याआडून पाळतीवर असलेल्या एकीने जाऊन सांगितलं होतं की साहेब खडकावर अडकला. त्यावर वाडीत दोन मतं पडली होती असं नंतर कळलं. भीमाबाई म्हणाली होती, बाईमाणूस बरोबर आहे.

पण होडी खडकाला लागली नाही. दोन वल्ह्यांच्या अंतरावर भीमाबाईने ती थांबवली.

“सायेब, आदी एक सांगा. कालवं बंद करनार काय तुमी?”

मच्छिंद्ररावांच्या कानात समुद्र गर्जत होता. शिवाय हा प्रश्न त्यांना नवा नव्हता.

“मी कोण बंद करणार? ते वरूनच बंद आहे.”

“वरून?”

“हुकूम आल्याशिवाय मला सोडता येत नाही.”

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. “किती दिस बंद?”

“पाऊस पडेपर्यंत.”

“आन् मग?”

“मग ज्याने त्याने अर्ज भरायचा. ज्याची जितकी जमीन, त्याला तितकं. पाळीपाळीने मिळेल. बाई, होडी जरा जवळ घ्या.”

“आमाला जमीन नाय.”

“मग कसं मिळेल?” मच्छिंद्रराव म्हणाले. पाणी गुडघ्याला लागलं होतं, पण नियम तो नियम.

“आमी आपलं गुपचूप घेतलं तर?”

“पंचनामा होईल.”

भीमाबाईने वल्हं उलटं मारलं. होडीचं तोंड हळूहळू किनाऱ्याकडे वळू लागलं.

“थांबा, मावशी,” रतनबाई म्हणाल्या. त्या ओरडल्या नाहीत. विहिरीवरच्या रांगेत भांडण सोडवताना लावतात तसा आवाज त्यांनी लावला. “तुमी कशाबद्दल बोलताय?”

“कालवांबद्दल.”

“ती कुटं हायेत?”

“तुमच्या पायाखाली.”

रतनबाईंनी पाण्यातून खाली पाहिलं. कापलेले तळवे चरचरत होते. मग मेहताबचं कालचं बोलणं त्यांना आठवलं. दारावर न येणाऱ्या बाया, लावून घेतलेली दारं, तीन रिकामे किनारे. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, पट्ट्यांच्या चड्डीपासून वरपर्यंत.

“मावशी,” त्या म्हणाल्या, “आमच्याकडं कालवा म्हंजी पाट. शेताला पानी नेतो त्यो. हे त्या पाटावरचे सायेब हायेत. तुमच्या शिंपल्यांतलं ह्यांना काय बी कळत न्हाई. पान्यातलं बी न्हाई, ते तुमी बघताच हाय.”

होडी थांबली.

“सरकार ह्यांना पानी सोडायचा पगार देतं?”

“व्हय.”

“आन् हितं कशाला आले?”

हे उत्तर रतनबाईंनी द्यायचं नव्हतं. त्यांनी नवऱ्याला कोपराने ढोसलं. 

“माझ्या कालव्यात पाणी नाही,” मच्छिंद्रराव म्हणाले. “सहा महिने झाले. तळाला गुरं बसतात. मी रोज जाऊन बघून येतो. बायका अडीच अडीच तास रांगेत उभ्या राहतात, ही पण राहते. मला कोणी काही विचारत नाही. म्हणून आलो.”

कोणी हसलं नाही. भीमाबाईने वल्हं टेकवलं आणि होडी खडकाला लावली.

“बसा,” ती म्हणाली. “आदी बाईला बसू द्या. आज अष्टमी हाय म्हनून अजून गुडघ्यावरच हाय. पुनवेला ह्यो खडक दिसत नाय.”

परत येताना होडीत वारा झोंबत होता. एकीने आपलं फडकं सोडून मच्छिंद्ररावांच्या मांडीवर टाकलं. ते थंडीसाठी की लाजेसाठी हे तिने सांगितलं नाही.

मच्छिंद्ररावांनी एकच पँट आणली होती, म्हणून बाबाजानने आपली ड्रायव्हरची खाकी पँट दिली. तिच्यात मच्छिंद्रराव दीड वेळा मावत होते, तेव्हा वरून सुतळी बांधावी लागली. तशाच वेशात ते संध्याकाळी एकटे खालच्या वाडीत गेले. भीमाबाईच्या दारात उभे राहून बोलू लागले तेव्हा सवयीने सरकारी भाषाच तोंडातून आली. “माझ्या अज्ञानामुळे आपलं तीन दिवसांचं नुकसान झालं, त्याबद्दल मी दिलगीर आहे.”

भीमाबाईला ‘दिलगीर’ कळलं नसावं, पण चेहरा कळला.

“दिस काय, येतात तसे जातात,” ती म्हणाली. “उद्या तुमची बायकू पाठवा. दोन हात जास्ती झाले तर भरून निगंल.”

उरलेले दिवस रतनबाई रोज ओहोटीला त्या बायांबरोबर खडकावर गेल्या. पहिल्या दिवशी बोटं सोलवटली, दुसऱ्या दिवशी कोयती हातात बसली. पाणी फिरलं की कळायला लागलं. कोणी सांगितलं नाही तरी त्या मान वर करून म्हणत, “चला गं, निगा आता.” मेहताब वाळूवर बसून एकोणीस वर्षांचं बोलून घेत होती. मच्छिंद्ररावांनाही काम मिळालं होतं. बायांच्या चपला आणि डबे ते सांभाळत. किती अंतरावर ठेवायचे ते रतनबाई सांगून जात.

निघायच्या दिवशी वडाच्या झाडाखाली बारा बाया जमल्या. भीमाबाईने सुकटीचं गाठोडं रतनबाईंच्या हातात दिलं, त्यांचा चेहरा दोन्ही हातांनी कुरवाळला आणि म्हणाली, “परत ये.” मच्छिंद्ररावांनी नमस्कार केला. तिने तो घेतला.

महाडला गाडी बदलायची होती. पुण्याच्या गाडीत रतनबाईंना खिडकी मिळाली. सुकटीच्या वासाने आजूबाजूची चारदोन माणसं दुसरीकडे सरकली, तेव्हा जागाही ऐसपैस झाली. मच्छिंद्रराव चहा पिऊन येतो म्हणून खाली उतरले आणि कप संपवून गाडीच्या पुढच्या चाकाशी उभे राहिले.

एक जाडजूड गृहस्थ घाम पुसत त्यांच्यापाशी आले. त्यांनी मच्छिंद्ररावांची खाकी पँट वरपासून खालपर्यंत पाहिली.

“का हो ड्रायव्हरसाहेब, किती वाजता सोडणार?”

मच्छिंद्रराव सांगणार होते, मी ड्रायव्हर नाही. पण मागून आणखी दोघेतिघे आले. एक बाई लेकरू काखेत घेऊन आली. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते, उत्तराची वाट पाहत. असं कोणी शेवटचं बघितल्याला किती दिवस झाले होते कोण जाणे. मच्छिंद्ररावांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

“पाच मिनिटांत सोडतो,” ते म्हणाले.

मंडळी समाधानाने आत जाऊन बसली. पाच मिनिटं झाली, पंधरा झाली. खरा ड्रायव्हर हॉटेलात जेवत होता आणि मागचं चाक पंक्चर निघालं होतं. पंचवीस मिनिटांनी ती सगळी माणसं पुन्हा खाली उतरली आणि मच्छिंद्ररावांना गराडा घालून शब्द दिला होता की नव्हता, हे विचारू लागली. मच्छिंद्रराव एका हाताने पँट धरून दुसऱ्या हाताने काहीतरी समजावत होते. बहुधा नियम सांगत असावेत, कारण आवाज वाढत चालला होता.

आत, पलीकडच्या बाकावरच्या बाईने रतनबाईंना विचारलं, “तुम्ही ह्या ड्रायव्हरबरोबर बोलत होता ना मघाशी? ओळखीचे आहेत का?”

रतनबाईंनी एकदा खिडकीतून खाली पाहिलं. मग गाठोडं मांडीवर नीट घेतलं.

“न्हाई,” त्या म्हणाल्या. “मी एकलीच हाय.”